दोरी हाताने धरायची, पण कधी? वसईच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

आधी बोटाचं सांगा. तंगूसाने, म्हणजे गळाला बांधायच्या बारीक पारदर्शक दोऱ्याने, कापलेली जखम दिसते बारीक, पण खोल जाते. ती भरेपर्यंत खाडीच्या पाण्यात हात घालू नका आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर आजच घेऊन या.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. काका लहानपणापासून बांबूच्या काठीने गरवतात, म्हणजे गळाने मासे धरतात, आता साठी उलटली आहे. मुलाने आणून दिलेल्या टेंकारा काठीला (ही बिनरिळाची जपानी काठी) त्यांनी माझा लेख वाचून काठीपेक्षा लांब दोरी बांधली. मासा लागला. "मासा दमला की दोरी हाताने धरा आणि जवळ घ्या" या माझ्या वाक्याप्रमाणे त्यांनी दोरी धरली, माशाने उसळी मारली, तंगूस तुटला आणि बोट कापलं. त्यांचे आक्षेप दोन आहेत. मी अर्धवट शिकवते, हा पहिला. काठीपेक्षा लांब दोरी म्हणजे माशाच्या जिवावरचा शौक, काठीएवढी दोरी असती तर हे झालंच नसतं, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ते वाक्य चुकीचं होतं आणि त्यामुळे तुम्हाला इजा झाली. माफ करा.

चूक कुठे झाली ते नीट सांगते. टेंकारा ही जपानमधल्या डोंगरी ओढ्यांवरची पद्धत. तिच्यात रीळ, म्हणजे दोरी गुंडाळायची चकती, नसतं. दोरी काठीच्या शेंड्यालाच बांधलेली. रीळ असलं की मासा पळाला तर दोरी सुटत जाते. इथे सोडायला दोरीच नाही. माशाचा हिसका सोसायला फक्त काठीचा बाक असतो. ज्या क्षणी तुम्ही दोरी मुठीत धरता, त्या क्षणी तो बाकही संपतो. एका टोकाला मासा, दुसऱ्या टोकाला तुमचं बोट आणि मधे ताठ तंगूस. म्हणून हातात दोरी घेण्याआधी माशाची झुंज संपलेली असायला हवी. मी लिहिलं "दमला की", पण दमला हे ओळखायचं कसं, ते लिहिलंच नाही.

मी स्वतः हे कर्जतजवळच्या एका खाजगी तळ्यावर शिकले. नोव्हेंबरची सकाळ होती, पाव भिजवल्यासारखा दिसणारा पांढरा गळ टाकला होता आणि त्याला किलोभराचा गवत्या लागला. गवत्या (ग्रास कार्प) तुम्हाला माहीत असेलच. लागल्यावर ओंडक्यासारखा निमूट येतो. मला वाटलं, झालं काम. काठी मागे झुकवली, दोरी पकडली आणि निसटू नये म्हणून तर्जनीभोवती एक वेढा घेतला. माझी सावली अंगावर पडताच तो जो उसळला, त्यात दोरी कातड्यात रुतली, पुढचा बारीक तंगूस तुटला आणि मासा तोंडात गळ घेऊन गेला. बोटावर अजून पांढरी रेघ आहे. पण त्या माशाच्या तोंडात राहिलेला गळ मला जास्त बोचतो. त्या दिवसापासून मी पक्कडीने गळाचा उलटा दात दाबून सपाट केल्याशिवाय पाण्यात टाकत नाही. असा गळ माशाच्या तोंडात राहिला तरी सुटण्याची शक्यता बरीच असते, आणि आपल्या हातात घुसला तरी सरळ निघतो.

आता काठीचं गणित बघा. माझी काठी 3.6 मीटर, दोरी 5 मीटर आणि पुढे 1.2 मीटर बारीक तंगूस, म्हणजे सगळं मिळून 6.2 मीटर. काठी सरळ उभी धरली तर मासा माझ्यापासून चार मीटरच्याही पुढे असतो आणि दोरी डोक्याच्या खूप वरून जाते, हाताला लागतच नाही. दोरी हाताशी यायला काठी खांद्यामागे अर्धी झुकवावी लागते. मग ती चेहऱ्यासमोरून जाते, पण काठीचा शेंडा जवळजवळ दुमडल्यासारखा वळतो. सगळा भार त्या शेवटच्या, काडीएवढ्या जाड तुकड्यावर. अशा वेळी मासा जोरात पळाला तर शेंडा तुटतो नाहीतर तंगूस तरी तुटतो. म्हणजे मासा पळायच्या बेतात असताना दोरीला हात घालायचा नाही, एवढंच नाही, तर काठी मागे न्यायचीही नाही. (काठी मागे नेण्याआधी वर आणि पाठीमागे एकदा बघत जा. या काठ्या कार्बनच्या असतात, त्यातून वीज वाहते. विजेच्या तारेखाली अशी काठी उघडूही नये.)

मग झुंज संपली हे कसं ओळखायचं? डोकं बघा. काठी हळूच वर घेतल्यावर माशाचं तोंड पाण्याबाहेर आलं आणि तिथेच राहिलं, तर तो तयार. तोंड वर आलं की शेपटीचा जोर चालत नाही. तोंड वर येऊन लगेच खाली वळलं तर अजून वेळ आहे. आडवा होऊन पांढरं पोट दाखवेपर्यंत मात्र थांबू नका, तेव्हा खूप उशीर झालेला असतो.

तिथपर्यंत यायचं ते काठी वर ओढून नव्हे, आडवी करून. मासा डावीकडे पळाला की काठी पाण्याला समांतर करून उजवीकडे दाब द्या, उजवीकडे पळाला की डावीकडे. डोकं फिरलं की अंग मागे येतंच. शिवाय तुम्हीच दोन-चार पावलं मागे, उथळ काठाकडे सरका. पायांनी आणलेलं अंतर हाताने ओढावं लागत नाही. म्हणून काठावर उभं राहण्याआधीच मासा कुठे आणायचा ती जागा मी हेरून ठेवते.

दोरी धरताना मूठ वळायची नाही. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची, वेढा कधीच घ्यायचा नाही, आणि धरायची ती जाड दोरी. दोरी आणि तंगूस जोडणाऱ्या गाठीच्या अलीकडेच हात ठेवायचा, पुढच्या बारीक तंगुसाला लावायचा नाही. माझी दोरी साधारण 0.3 मिलिमीटर जाड आहे आणि पुढचा तंगूस 0.18. हा बारीक तंगूस बोटावर सुरीसारखा चालतो. काठी खाली ठेवू नका, काखेत दाबून ठेवा. माशाने उसळी मारली की चिमूट उघडायची, दोरी सुटते आणि काठी पुन्हा बाक घेते. तुमच्या बाबतीत ही एकच गोष्ट घडली असती तर मासाही राहिला असता आणि बोटही.

आता दुसरा आक्षेप. तो मला अर्धाच मान्य आहे.

तुमची बांबूची पद्धत मला खूप आवडते. काठीएवढीच दोरी, चिलापी नाहीतर काळुंदर लागली की एका झटक्यात काठावर. पण तिथे दोरा जाड, पाणी गढूळ आणि मासा घरी न्यायचा. पावसाळा संपल्यावर पाणी स्वच्छ आणि उथळ होतं, तेव्हा काठावर माणूस हललेला माशाला लगेच कळतो. सहा मीटर लांब राहिलं तरच तो गळाकडे बघतो. पवईसारख्या ठिकाणी तर मगरी आहेत, पाण्यात उतरायचा प्रश्नच नाही. लांब दोरी त्यासाठी. पण झाडाखाली, अडचणीच्या जागी किंवा नव्या माणसाने ती वापरू नये, हे तुमचं अगदी बरोबर. सुरुवातीला दोरी आणि तंगूस मिळून काठीपेक्षा हातभर लांब, त्याहून जास्त नको. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

माशाच्या जिवाबद्दल बोलायचं तर त्याचा संबंध दोरीच्या लांबीपेक्षा वेळेशी जास्त आहे. 10 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे 11 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळू शकतो, 30 अंशांच्या पाण्यात तो साडेसातवर येतो. जपानच्या थंड ओढ्यातला मासा ज्या झुंजीतून सावरतो, त्याच झुंजीनंतर आपल्याकडचा मासा सोडल्यावर उलटा होऊ शकतो. "पूर्ण दमवा" असं कुणी सांगत असेल तर आपल्या हवेत ते घातक आहे. म्हणून मी काठी बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेत बसेल तो सर्वांत जाड तंगूस लावते, दाब पहिल्यापासून ठेवते, आणि एप्रिल-मे मध्ये दुपारी गरवत नाही. सोडायचा मासा काठावरच्या कोरड्या दगडावर घेत नाही. रबरी जाळीच्या हातजाळीत, पाण्यातच ठेवते. हात आधी ओले करते, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रक्षण करत असतो.

पाण्यावर जाण्याआधी एकदा घरी सराव करा. आमच्या गोरेगावच्या गच्चीवर मी भाचीच्या हातात दोरीचं टोक देते, गळ न लावता. ती हवी तेव्हा हिसका देते आणि मी चिमूट उघडते. पहिल्या दिवशी दहापैकी सात वेळा मी उशीर केला. आठवडाभराने बोटं आपोआप उघडायला लागली. नातवंडं असतील तर त्यांना हे काम फार आवडेल.

लेखातलं ते वाक्य मी आज काढून टाकलं आहे आणि त्या जागी माशाच्या डोक्याची खूण लिहिली आहे. तुमच्याकडून मला एक हवं आहे. बांबूच्या शेंड्याला दोरी बांधताना तुम्ही कुठली गाठ मारता? माझ्या काठीच्या शेंड्यावरची गाठ ओली झाली की सुटता सुटत नाही.