कन्नडला काय काटे हायत?

"तिकडं जाऊन जर्मन शिकलास, मग कन्नडला काय काटे हायत?" गेल्या रविवारी दाजींनी फोनवर विचारलं. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

विषय साधा होता. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात भाच्याचा युवानिधीचा अर्ज अडकला होता. पदवी मिळून सहा महिने झाले तरी नोकरी नाही, अशा पोरांना कर्नाटक सरकार महिन्याला ३,००० रुपये देतं, डिप्लोमावाल्यांना १,५००, तेही फार तर दोन वर्षं. नोकरी लागलेली नाही, हे अधूनमधून स्वतःच लिहून द्यायचं. मी आपला बोलून गेलो की अर्ज मराठीत असता तर ही वेळ आली नसती. झालं.

अहो दाजी, जर्मनीत मी स्वतःच्या पायांनी आलो. आमचे आजोबा कुठे गेले होते? १९५६ साली ते ओसरीवर पान जुळवत बसले होते तसेच बसून राहिले, आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. जिथे भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांहून जास्त, तिथे सरकारी कागद त्यांच्याही भाषेत द्यावेत, हा संकेत काही मराठी माणसाने घरी बसून रचलेला नाही. आणि जर्मनीचंच उदाहरण हवं असेल तर श्लेस्विगचं घ्या. डेन्मार्क की जर्मनी, हे १९२० साली तिथल्या लोकांना मतपेटीतून विचारलं. फ्लेन्सबुर्ग जर्मनीत राहिलं, तरी तिथे डॅनिश शाळा आजही भरतात. आम्हाला कुणी विचारलं?

हे सगळं मी दाजींना ऐकवलं. ऐकवलं नाही ते पुढचं आहे.

गेल्या वर्षी माझी नोकरी गेली. घरी सांगितलं की प्रोजेक्ट बदललाय. कंपनीच्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत एक वाक्य होतं: तीन दिवसांत रोजगार कचेरीत नोंद करा. वाक्य जर्मनमध्ये, तेही सरकारी जर्मनमध्ये. मी पगाराचा आकडा तेवढा बघितला आणि पत्र घडी करून ठेवून दिलं. नोंदणीला गेलो सहाव्या दिवशी. बेशाईड, म्हणजे कचेरीच्या निर्णयाचं पत्र, आला तेव्हा कळलं, एका आठवड्याचे पैसे कापले. हरकत घेतली, ती फेटाळली गेली. बरोबरच होतं त्यांचं. उरलेले महिने निव्वळ पगाराच्या ६७ टक्के मिळाले, पोरगी आहे म्हणून. नसती तर ६०. (हे दान नव्हे, पगारातून कापून घेतलेला विमा आहे, हे मी बायकोला इतक्यांदा सांगितलं की शेवटी तीच म्हणाली, "पुरे, मला पटलंय.")

बारा वर्षं या देशात राहून ही अवस्था. इथल्या कायद्यात स्वच्छ लिहिलंय की कचेरीची भाषा जर्मन. 'मराठीत द्या' असं मी तिथे म्हणालो नाही. इंग्रजीत द्या म्हणायचीही छाती झाली नाही. नंबर काढला, खाली मान घालून बसलो.

शेजारच्या खुर्चीवर एकजण फोनवर बोलत होता. "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का, असं कन्नडमध्ये कुणाला तरी विचारत होता. बहुतेक आईला. माझ्या पोटात काहीतरी हललं. शाळेत कन्नड होतं, पासापुरतं; मास्तरांनी छडी मोडली तरी वाक्य पुरं होत नसे. पण त्या कॉरिडॉरमध्ये ते इतकं घरचं वाटलं की मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये स्वतःहून बोललो. तो धारवाडचा निघाला. त्याने माझा फॉर्म भरून दिला, कुठल्या रकान्यात काय लिहायचं नाही तेही सांगितलं. मग त्याने विचारलं, "निमदु याव ऊर्री?" तुमचं गाव कोणतं?

मी म्हणालो, "बेळगावी."

ज्या घरात १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, काळा दिवस पाळतात त्या घरातला मी. २०१४ साली बेळगावचं नाव सरकारने बदलून बेळगावी केलं तेव्हा मी इथे येऊन पोचलो होतो, म्हणून माझ्या इथल्या सगळ्या कागदांवर जन्मगाव अजून बेळगावच आहे. जर्मन कारकुनाने ते कधी खोडलं नाही. मी मात्र एका ओळीत खोडलं.

काल भाच्याने मेसेज केला. अर्ज भाषेमुळे अडकलाच नव्हता, आधार बँकखात्याला जोडलेलं नव्हतं. कन्नड त्याला चांगलं वाचता येतं. "मामा, तुला कुणी सांगितलं मला येत नाही म्हणून?"