आडोसा कुठल्या वाऱ्याचा?

नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून उत्तरही जरा लांबलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नाशिकजवळच्या धरणांतल्या बेटांवर मुक्काम करण्याबद्दलचा लेख उगीच घाबरवतो. बेट आडोशाला असताना दुपारी दोनच्या आत पोहोचा, तंबू पाण्यापासून लांब लावा, चहूकडे पाणी असताना प्यायचं पाणी घरून न्या, हे कशाला? तुम्ही मार्चमध्ये संध्याकाळी पाचला होडीत बसलात, काठालगत तंबू ठोकलात, धरणाचंच पाणी उकळून प्यायलात आणि काही झालं नाही.

आधी माझी चूक. 'आडोशाचं बेट' असा शब्द मी लेखात मोकळा सोडला. आडोसा अख्ख्या बेटाला नसतो, त्याच्या एका बाजूला असतो, आणि तोही ठरावीक वाऱ्यापुरता. डिसेंबर-जानेवारीत रात्री नि पहाटे बोचरा वारा पूर्व-ईशान्येकडून येतो. मार्चपासून मात्र दुपार कलली की पश्चिमेचा वारा उठतो. थंडीत पश्चिम बाजूची जी खाच निवांत वाटते, तिथेच उन्हाळ्यात लाटा थडकतात. वाऱ्याच्या जोराइतकंच त्याला मोकळं पाणी किती मिळतं हेही महत्त्वाचं. शंभर-दोनशे मीटरवर पाण्याला नुसत्या सुरकुत्या पडतात. तोच वारा दोन-तीन किलोमीटर पाण्यावरून आला की छोट्या होडीच्या कडेवरून पाणी आत येतं. म्हणून चढताना बघायचं ते हे: सगळे बसल्यावर, सामान ठेवल्यावर होडीची कड पाण्यावर किमान वीतभर उरली पाहिजे. उरत नसेल तर दोन फेऱ्या करा. जड सामान मध्ये आणि तळाशी. लाइफ जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायच्या. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते त्या माणसाच्या मापाचं नाही. लहान मुलांच्या बाबतीत हे हमखास होतं.

दुपारी दोनची मर्यादा मात्र मी सगळ्या ऋतूंना लावली, तिथे तुमचा आक्षेप रास्त आहे. ती मार्चसाठी आहे. डिसेंबरात साडेतीनपर्यंत निघालात तरी चालेल, फक्त तेव्हा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि तंबूची जागा शोधायला उजेड लागतो. एप्रिल-मेमध्ये तर मुक्कामाला जाऊच नका. वळवाच्या आधीचा झोत कुठल्याही बाजूने येतो, विजा चमकत असताना बेटावरच्या एकट्या झाडाखाली थांबणं सर्वांत वाईट, आणि अशा वेळी नावाडी तुम्हाला आणायला येणार नाही. त्याने येऊही नये.

आता काठालगतचा तंबू. पावसाळ्यानंतर धरणाची पातळी स्थिर नसते. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक मुदतीने सोडायचं पाणी, सुटलं की पातळी उतरते, आणि वैतरणा धरणाचं पाणी तर वीज तयार करून मुंबईकडे जातं, म्हणजे तिथे शेतीच्या आवर्तनाचं वेळापत्रक बघूनही अंदाज येत नाही. काठाचा उतार वीस फुटांना एक फूट असेल, तर पातळी दहा सेंटिमीटर उतरली की पाण्याची कड दोन मीटर मागे जाते. मध्ये जे उघडं पडतं तो गाळ. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. रात्री काठाला लावलेली होडी सकाळी या गाळावर बसलेली असते आणि चार माणसांना ढकलूनही निघत नाही. उतरण्याची जागा म्हणूनच मुरमाची किंवा कातळाची निवडा, पाण्यालगतच्या सपाट मऊ जागेचा मोह नको. शिवाय सखल, बंद खाचेत थंड हवा साचते. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत अशा खाचेतला तंबू पहाटे आतून ओलाचिंब असतो, आणि लोक तंबू गळतो म्हणून कंपनीला शिव्या घालतात. गळत नाही, तुमच्याच श्वासाची वाफ आहे ती. थोडी वाऱ्याची जागा आणि दोन्हीकडच्या जाळ्या उघड्या, एवढ्याने निम्मं काम होतं.

वर सरकलात की खुंट्यांचा प्रश्न येतो. बेटांवर बोटभर माती आणि खाली मुरूम किंवा काळा कातळ. तंबूसोबत येणाऱ्या अॅल्युमिनियमच्या खुंट्या तिथे वाकतात. लेखात मी 'लांब खुंट्या न्या' असं लिहिलं, ते अपुरं होतं. कातळावर खुंटी हवी कशाला? दोराचा फास मुठीएवढ्या दगडाभोवती घ्या. तो जमिनीवर ठेवा आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोराच्या वर एक जड धोंडा ठेवा. वारा जितका ओढेल तितका लहान दगड मोठ्याला मागून अडकतो. दोर धारदार कडेवर घासत असेल तर मध्ये जुन्या फडक्याची घडी, नाहीतर रात्रभरात तुटतो. धोंडा उचलताना आधी काठीने हलवा, खाली विंचू असतो.

पाण्याचा हिशेब करून बघा. माणशी दिवसाला चार लिटर, चौघांना सोळा. उघड्यावर एक लिटर उकळायला साधारण दहा ते पंधरा ग्रॅम गॅस जातो, म्हणजे 230 ग्रॅमचा डबा पाण्यातच जवळजवळ संपला, स्वयंपाक बाजूलाच. थंडीच्या पहाटे ब्युटेनचा दाब पडतो, ज्योत मिणमिणते, ते वेगळंच. शिवाय उकळून जंतू मरतात. गाळ, पाण्यावरच्या हिरव्या सायीचं विष किंवा फवारणीची औषधं जात नाहीत. वीस लिटरचा जार वीस किलोचा, पण तो पाठीवर कुठे न्यायचाय? होडीत ठेवायचाय.

शौचाचा नियम पाण्यापासून साठ मीटरचा. बेटच शंभर मीटर रुंद असेल तर ती जागा मिळतच नाही, मग घट्ट झाकणाचा डबा आणि परत आणणं हाच पर्याय. गंगापूर धरणाचं पाणी नाशिककर पितात, तिथे साबणही नको. नावाडी 'चला' म्हणाला म्हणजे परवानगी मिळाली असं नव्हे. ती जलसंपदा विभागाकडून घ्यायची. नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य आहे, रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), तिथल्या बेटांचा विचारच सोडा.

लेखातला खुंट्यांचा परिच्छेद आणि वेळेचं वाक्य आज बदलतो. एक गोष्ट मात्र तेव्हा राहूनच गेली: नावाड्याशी परतीची वेळ ठरवताना त्याच्या घरच्या दुसऱ्या माणसाचाही नंबर घ्या, आणि भाड्याचे निम्मे पैसे परत काठावर पाय ठेवल्यावर द्या.