अंधारा सिनेमा मराठवाड्याला परवडत नाही?

"आरं, इथं रोज हेच बघायलोत. तिकीट काढून पुन्हा तेच कशाला?" मी उदास, अंधाऱ्या सिनेमांचं नाव काढलं की अंबाजोगाईचा माझा मित्र फोनवर हे ऐकवतो, आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मी राहतो व्हिएन्नात. हिंसा, मरण आणि माणसामाणसांतला गारठा दाखवणारा माझा सगळ्यात आवडता ऑस्ट्रियन दिग्दर्शक मिशाएल हानेके याच शहरात तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि नाटक शिकला. मित्राच्या मते असा अंधार पोट भरलेल्या देशाला परवडतो; बीड-लातूरच्या माणसाला संध्याकाळी दोन घटका हसू द्यावं. मराठी सिनेमा इतका उदास कशाला, हा आपल्याकडचा नेहमीचा वाद, त्याचंच हे घरगुती रूप.

पण आपण रोज नेमकं काय बघतो?

हानेकेचा पहिला चित्रपट 'द सेव्हन्थ कॉन्टिनेंट' १९८९ चा. तो वर्तमानपत्रातल्या एका बातमीवरून सुचला होता. खाऊनपिऊन सुखी असलेलं एक ऑस्ट्रियन कुटुंब, नवरा-बायको आणि लहान मुलगी, घरातली एकेक वस्तू फोडतं, नोटा संडासात वाहवतं आणि शेवटी स्वतःलाही संपवतं. सुरुवातीला बराच वेळ माणसांचे चेहरेसुद्धा नीट दिसत नाहीत. दिसतात ते रोजची कामं उरकणारे हात आणि वस्तू. असं का केलं, याचं उत्तर हानेके देत नाही.

आपल्याकडे शेतकऱ्याने जीव दिला की पंचनामा होतो, तहसीलचा अहवाल जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण येतं: पात्र की अपात्र. जमीन त्याच्या नावावर होती का, कर्ज बँकेचं होतं का, वसुलीचा तगादा होता का. पात्र ठरलं तर एक लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, हे २००६ पासून चालत आलेलं. मदत मिळायलाच हवी आणि त्यासाठी निकष लागतात, हे मला कळतं. पण वाहिन्यांवरच्या चर्चेतही तोच रकाना भरला जातो: कर्ज की दारू, नापिकी की लग्नाचा खर्च. शेवटचे सहा महिने तो माणूस घरात किती बोलला, बायकोने ताट वाढलं तेव्हा त्याचं लक्ष कुठे होतं, हे कुणी विचारत नाही. हानेके तेवढंच विचारतो. माझा जीव या दिग्दर्शकात अडकलाय तो यासाठी.

'फनी गेम्स' (१९९७) मध्ये दोन तरुण सुट्टीवर आलेल्या एका कुटुंबाला छळतात. मूल मारलं जातं तेव्हा कॅमेरा स्वयंपाकघरात असतो. तिथे दुसरा तरुण खायला करून घेत असतो आणि आपल्याला फक्त गोळीचा आवाज येतो. त्यानंतर खोलीतल्या आईबापांचा शॉट जवळपास दहा मिनिटं तुटत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनाचे फोटो वाहिन्यांवर आणि मग मोबाइल-मोबाइलवर फिरले. व्हिएन्नात माझ्याकडेही आले. संताप उसळला, दुसऱ्याच दिवशी एका मंत्र्याचा राजीनामा आला, हे खरंच. तरीही जेवता जेवता ते फोटो पुढे पाठवणाऱ्या आपल्याच माणसांची मला भीती वाटली. हानेकेचा सिनेमा 'भयंकर' म्हणून टाळणारे आणि हे फोटो पाठवणारे बरेचदा एकच असतात.

मित्राची एक गोष्ट मात्र मला मान्य आहे. हानेके दाखवतो तो गारठा या शहराचा आहे. इथे खेळ संपला की लोक मुकाट्याने कोट चढवतात आणि आपापल्या ट्रामने जातात. आपल्याकडे कुणी गेलं की घर माणसांनी भरतं, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात. हे सुख मला इथे रोज हुकतं.

पण भरल्या गावालाही गप्प बसता येतं. 'द व्हाइट रिबन' (२००९) मध्ये १९१३-१४ सालचं उत्तर जर्मनीतलं खेडं आहे. डॉक्टरचा घोडा कुणीतरी बांधलेल्या तारेला अडखळतो, कोठार जळतं, सुईणीच्या अपंग मुलाचे डोळे जायची वेळ येते. पाद्री स्वतःच्या मुलांना निरागसपणाची आठवण म्हणून पांढरी फीत बांधतो. शिक्षकाला संशय येतो तेव्हा तोच पाद्री त्याला धमकावून गप्प करतो. या चित्रपटाला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, पाम दोर, मिळाला. मला मात्र त्यात आपल्याकडचीच गावं दिसत राहिली. सून विहिरीत सापडते, सगळे म्हणतात पाय घसरला, आणि पाय घसरला नव्हता हे गावातल्या लेकराबाळांनाही ठाऊक असतं.

संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव होतो, पण अंबाजोगाई, परभणी, हिंगोलीच्या पोरांनी तिथवर जायचं म्हणजे दिवस मोडतो आणि भाड्याला पैसे लागतात. सिनेमाच या गावांत न्यायला हवा. सुरुवात 'फनी गेम्स'ने नको, तो फार अंगावर येतो. 'व्हाइट रिबन' लावा, मराठी उपशीर्षकं द्या आणि नंतर दोन तास बोलायला ठेवा. व्हिएन्नात कुणी बोलत नाही, आपल्याकडे बोलतील. संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून इतकी माणसं मुंबईला गेली. त्यांच्यातल्या एखाद्याने 'अपात्र' ठरलेल्या घरावर चित्रपट करावा, कारण न सांगणारा, आणि त्याचा पहिला खेळ अंबाजोगाईत लावावा.