बेचाळीस वाती

गुंता सोडवायला आमच्या घरात कधी पैसे पडले नाहीत. ताईच्या केसांतला गुंता आई तेलाचा हात लावून आणि तोंडानं उद्धार करत पाच मिनिटांत सोडवायची. गुंता करून घ्यायला मात्र मी कोल्हापूरहून गोव्याला गेलो आणि वर पैसेही मोजले. किती मोजले, ते आईला अजून सांगितलेलं नाही.

हरमलच्या किनाऱ्याजवळ ड्रेडलॉक्स करून देणारे बसतात. त्यातल्या एकानं माझ्या डोक्यावर इंच-इंचाचे वाफे पाडले आणि प्रत्येक वाफ्याला रबर लावलं. मग एकेक बट घ्यायची, उलटा कंगवा मारून ती फुगवायची आणि अर्ध्या मिलिमीटरच्या क्रोशाच्या सुईनं केस आत-बाहेर, आत-बाहेर खेचत त्याचा दोर करायचा. मधूनच सुई टाळूला चाटून जायची. तो "सॉरी" म्हणायचा, मी "इट्स ओके" म्हणायचो, डोळ्यांतलं पाणी आपलं वाहत राहायचं. सकाळी दहाला बसलो, उठलो तेव्हा सूर्य समुद्रात गेलेला होता. मोजून बेचाळीस जटा. खांद्यावर रुळणारे केस गुंत्यात आखडून कानापाशी आले होते. पुढच्या काही महिन्यांत अजून आखडतील, असं त्यानं पैसे घेतल्यावर सांगितलं.

घरी आलो. दार आईनं उघडलं. तिनं आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग जिन्यात अजून कोणी उभं आहे का ते पाहिलं, आणि मला आत ओढलं. तिची पहिली प्रतिक्रिया, "क्रोशानंच करायचं होतं तर मी केलं नसतं?" हे खरंच होतं. आमच्या टीव्हीवर, फ्रिजवर आणि एकेकाळी टेलिफोनवरही तिनं विणलेला रुमाल असायचा. दुसरी प्रतिक्रिया, "बायोडेटावर जुनाच फोटो राहू दे."

बाबांना मूळ जाणून घ्यायची सवय. "ही टूम कुठली?" मी सांगितलं, जमैकातले रास्ताफारी लोक अशा जटा राखतात. इथिओपियाचा राजा हैले सेलासी १९३० मध्ये गादीवर बसला, त्याला ते देव मानतात.

"त्या राजाला जटा होत्या?"

"नाही. त्याचे केस बारीकच."

"म्हणजे देवाला नाहीत, भक्तांना आहेत, आणि तू दोन्हींत नाहीस," असं म्हणून बाबा पेपर वाचायला लागले. बायबलमधली वस्तरा न लावण्याची शपथ, बॉब मार्ली वगैरे मुद्दे माझ्याजवळ शिल्लक होते, ते तसेच राहिले.

लोकांना वाटतं, केस धुतले नाहीत की जटा होतात. साफ चूक. म्हणजे होतात, पण त्या तशा. माझ्यासारख्या सरळ, बुळबुळीत केसांचा पीळ धरायचा तर केस स्वच्छ आणि कोरडे हवेत. तेल लागलं की ते निसटतात, कंडिशनर लागला की पळूनच जातात. कुरळ्या आफ्रिकी केसांना ही विद्या जन्मजात येते, माझ्यासारख्याला नीट घट्ट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तेव्हा आठवड्यातून एकदा धुवायचे, मुळांशी चोळायचे, आणि तेल बंद. शनिवारी सकाळी तेलाची वाटी घेऊन आई माझ्या मागे आणि मी गच्चीच्या जिन्यात, हे दृश्य मी तिसरीत असताना शेवटचं झालं होतं. ते परत सुरू झालं.

धुणं सोपं, वाळवणं अवघड. जट म्हणजे स्पंज. बाहेरून कोरडी लागते, आत तळं. कोल्हापुरातल्या जुलैत कपडे चार दिवस वाळत नाहीत, तिथं माझं डोकं काय वाळणार? एका रविवारी मी रात्री केस धुऊन तसाच झोपलो. मंगळवारी आईला घरात कुबट वास यायला लागला. तिनं पायपुसणी बदलली, फ्रिजमागे पाहिलं, न्हाणीघराची जाळी उपसली, कपाटातून डांबरगोळ्या काढल्या. बुधवारी ती मला जेवायला वाढायला वाकली आणि तिचा शोध संपला. तेव्हापासून रविवारी दुपारी टेबलफॅन माझा. मी त्याच्यापुढे डोकं धरून, मान डावीकडे-उजवीकडे फिरवत तीन तास बसतो. बाबा मॅच घामाघूम होऊन बघतात.

आणखी एक ताप म्हणजे गोधडी. तिचा कापूस आणि टॉवेलचे तंतू जटेत शिरले की निघत नाहीत. रेशमी उशी घ्यावी असं जाणकार सांगतात. आजीच्या ट्रंकेत आजोबांचा सोवळ्याचा जुना कद होता. तो मागायला गेलो आणि तिथंच खरी तज्ज्ञ सापडली.

आजीनं आयुष्यात दोनदा लाख वाती वळल्या आहेत. तिनं माझी एक जट बोटांत धरली, टोकाकडून वर पाहिली आणि निकाल दिला, "पीळ सैल आहे. कुणी वळली?" तळहातांत धरून एकाच दिशेनं रोज वळायच्या, हे हरमलच्या माणसानंही सांगितलंच होतं. पण आजीच्या हाताला जे येतं ते त्याला कुठलं. हात सरकू नये म्हणून ती भस्माची वाटी घेऊन बसली. मेण लावू नको, ते आत बसतं आणि धूळ धरतं, एवढं मला माहीत होतं. भस्माबद्दल कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी कोथिंबीर आणायला बाहेर पडलो, तर भाजीवालीनं पैसे घेतले नाहीत. उलट दोन्ही हात जोडले.

आमच्याकडे हे होणारच. सौंदत्तीच्या यात्रेला कोल्हापुरातून गाड्याच्या गाड्या भरून जातात, आणि जट म्हणजे यल्लम्माची खूण असं मानणारे कमी नाहीत. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी दोन आठवडे काहीच बोलल्या नाहीत. मग एक दिवस भांडी बाजूला ठेवून म्हणाल्या, "माज्या आईला हुती." कमरेपर्यंत होती. मान दुखायची, रात्री कूस वळता यायची नाही, पण कापली तर देवी कोपते म्हणून कुणी कात्री लावू देईना. शेवटी अंनिसची, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीची, माणसं दोन-तीनदा घरी येऊन बसली, समजूत काढली, आणि तिथंच तिचं डोकं मोकळं केलं. "हलकं वाटाय लागलं म्हणून दिवसभर मान हालवत बसली हुती म्हातारी." मग माझ्याकडे बघत, "आन् तुम्ही पैसं दिऊन करून घेतलासा?"

मी हो म्हटलं. त्यांनी भांडी परत पुढे ओढली.

काल रात्री आजी नेहमीप्रमाणे जटा मोजत वळत होती. एक्केचाळीसवर थांबली. पुन्हा मोजल्या. एक्केचाळीसच. शेजारशेजारच्या जटा मुळाशी एकमेकींत गुंतू पाहतात, म्हणून आठवड्याला त्या हातानं फाडून वेगळ्या कराव्या लागतात. मानेपाठीमागची एक जोडी माझ्या नजरेतून सुटली होती.

"दोघांचं जमलंय बघ," आजी म्हणाली.

आतून आईचा आवाज आला, "राहू द्या. घरात कुणाचं तरी जमू दे."