चार थ्रेड, एक तोंड

माझी मागणी माफक होती. माझ्या पायथन प्रोग्रॅममध्ये एक मुख्य थ्रेड चार थ्रेडना, म्हणजे एकाच प्रोग्रॅममधल्या चार गड्यांना, कामाला लावतो आणि ते एकाच वेळी धावतात. त्या चौघांतला कोण काय बोलला, ते चार वेगळ्या फाइलींत उतरवायचं. कुठेतरी एक आकडा चुकत होता आणि माझा संशय तीन नंबरच्या थ्रेडवर होता. का, ते विचारू नका. काहींचा चेहराच तसा असतो.

स्क्रीनवर दिसायचं ते असं: ‘फाइल उघडलीफाइल बंद झाली’, आणि खाली एक कोरी ओळ. प्रिंट (स्क्रीनवर लिहायची आज्ञा) आधी मजकूर लिहितो, मग वेगळ्याने ओळ मोडतो. तेवढ्या फटीत दुसरा थ्रेड तोंड घालतो.

मग मला रिडायरेक्ट-स्टडआउट सापडलं: प्रिंटचा मजकूर स्क्रीनऐवजी फाइलीकडे वळवायची सोय. पायथन ३.४ पासून आहे. थ्रेडवाल्या बहुतेक प्रोग्रॅमना ते सोयीचं नाही, असं डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय. पण डॉक्युमेंटेशन मी शेवटी वाचतो. आधीच वाचलं तर दिवसभर करायचं काय?

गोम अशी की स्टडआउट, म्हणजे मजकूर बाहेर पडायचं तोंड, अख्ख्या चालू प्रोग्रॅमला मिळून एकच. पहिल्या थ्रेडने ते आपल्या फाइलीकडे वळवलं, दुसऱ्याने तिथून आपल्याकडे. पहिला काम उरकून सगळं पूर्ववत करून गेला. मग दुसऱ्यानेही इमानेइतबारे ‘जसं सापडलं तसं’ परत ठेवलं. त्याला सापडली होती पहिल्याची फाइल, आणि ती एव्हाना बंद झाली होती. त्यानंतर जो प्रिंट करेल त्याला एकच उत्तर: फाइल बंद आहे. ही तक्रार स्टडएररवरून, म्हणजे चुकांसाठीच्या वेगळ्या वाटेने आली, म्हणून निदान माझ्यापर्यंत पोचली.

थ्रेड-लोकल, म्हणजे प्रत्येक थ्रेडची स्वतःपुरती जागा, वापरून प्रत्येकाला आपापली वही दिली. माझे प्रिंट शहाण्यासारखे वागू लागले. पण सी भाषेतली एक लायब्ररी थेट १ नंबरच्या डिस्क्रिप्टरवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडच्या मूळ स्टडआउटवर लिहीत होती. पायथनमध्ये कोणी काय वळवलंय, याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्हणून मी डिस्क्रिप्टरच पाइपला जोडला: एका टोकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं, अशी नळी. सगळे थ्रेड संपले की निवांत वाचू, असा बेत. लिनक्सवर पाइपात सहसा ६५,५३६ बाइट मावतात. पाइप भरला. थ्रेड थांबले, मी वाचावं म्हणून. मी थांबलो, थ्रेड संपावेत म्हणून. काहीतरी मोठं गणित चाललंय, अशा समजुतीने मी चाळीस मिनिटं अदबीने बसून होतो.

वाचून फाइलीत उतरवायला पाचवा थ्रेड नेमला. तो नीट चालतोय ना हे कळावं म्हणून त्यात एक प्रिंट घातला: ‘वाचलं’. तो प्रिंटही पाइपातच गेला. त्याने तो वाचला आणि छापलं, ‘वाचलं: वाचलं’. मग तेही वाचलं. डिस्क भरत आल्याचा इशारा आला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

शेवटी सगळं उपसून टाकलं आणि निमूट लॉगिंग मॉड्यूल, म्हणजे नोंदी ठेवायची पायथनची तयार सोय, वापरलं. एका वेळी एकानेच लिहावं यासाठीचं लॉक त्याच्यापाशीच असतं, सांगितलं की प्रत्येक ओळीपुढे थ्रेडचं नाव येतं, आणि ही सोय पहिल्या दिवसापासून तिथेच होती. दहा मिनिटांत चुकीच्या आकड्याची ओळ सापडली. नावासकट.

मेनथ्रेड.