मॅकियाव्हेलीच्या नावाने फिरणारा तो 'गुरुमंत्र'

गेल्या आठवड्यात तो मेसेज मला तीन ग्रुपवर आला, वर सिंहाचा फोटो आणि खाली "मॅकियाव्हेलीचा गुरुमंत्र" (हा पाचशे वर्षांपूर्वीचा इटलीतला राजकीय लेखक). म्हणे साध्य चांगलं असेल तर कुठलंही साधन चालतं, प्रेमापेक्षा भीती बरी, हा माणूस राजांचा सल्लागार आणि जनतेचा दुश्मन, आणि शेवटी आपल्यासाठी खास, हे सगळं त्याने चाणक्यावरून ढापलं. मी सोडून देणार होतो, पण काल एका काकांनी तेच सोसायटीच्या मीटिंगमध्ये मेंटेनन्सच्या वसुलीवरून ऐकवलं, मग म्हटलं आता बोलायलाच हवं.

साध्य-साधनवालं वाक्य त्याच्या 'द प्रिन्स' या राज्य कसं करावं यावरच्या पुस्तकात नाहीच. १८व्या प्रकरणात जे आहे ते असं की राजाच्या कृत्यावर अपील करायला वरचं कोर्ट नसतं, म्हणून लोक शेवटी निकाल काय लागला तेवढंच बघतात. हे लोकांबद्दलचं निरीक्षण आहे, वाट्टेल ते करायची परवानगी नाही. परवानगी असती तर ८व्या प्रकरणात अ‍ॅगाथोक्लीसला त्याने झोडपलं नसतं. हा सिरॅक्यूज या प्राचीन ग्रीक शहराचा हुकूमशहा, त्याने कत्तल करून सत्ता घेतली आणि टिकवलीसुद्धा, म्हणजे साध्य एकदम ओके, तरी मॅकियाव्हेली म्हणतो की स्वतःच्या नागरिकांना मारणं, मित्रांना दगा देणं याला कर्तबगारी म्हणता येत नाही, त्याने सत्ता मिळते, कीर्ती नाही. आणि हो, त्याच १८व्या प्रकरणात तो सांगतो की नुसत्या सिंहाला सापळे कळत नाहीत, कोल्हाही व्हावं लागतं. म्हणजे फोटोसुद्धा अर्धाच.

भीतीचं वाक्य आहे, १७व्या प्रकरणात, पण शेपूट कापून फिरवलंय. दोन्ही असावं, जमत नसेल तर भीती जास्त सेफ, इथपर्यंत बरोबर. पुढे लगेच अट आहे की लोकांनी तुमचा द्वेष करता कामा नये, आणि त्यासाठी त्यांच्या मालमत्तेला आणि बायकांना हात लावू नका, कारण माणूस बापाचा मृत्यू लवकर विसरतो पण वडिलोपार्जित इस्टेट गेलेली विसरत नाही. (हे वाचून ज्याला आपल्याकडच्या जमिनीच्या केसेस आठवणार नाहीत तो मराठी माणूसच नाही.)

राजांचा सल्लागार? अहो हा १४९८ ते १५१२ फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा नोकर होता, वकिलातीवर फिरायचा, भाडोत्री सैन्य नको म्हणून नागरिकांची पलटण उभी केली त्याने. १५१२ला फ्लॉरेन्सवर आधी सत्ता गाजवणारं मेदिची घराणं परत आलं आणि याची नोकरी गेली, १५१३च्या सुरुवातीला कटाच्या संशयावरून पकडला, हात मागे बांधून दोरीने वर ओढून खाली सोडायचे तसला छळ झाला. मग गावाकडच्या घरी बसून त्याने 'द प्रिन्स' हे छोटं पुस्तक लिहिलं आणि अर्पण केलं त्याच मेदिचींना, थोडक्यात नोकरीचा अर्ज, आणि तोही फारसा कामाला आला नाही. छापलं गेलं १५३२ला, तो मेल्यावर पाच वर्षांनी. 'डिस्कोर्सेस' हे त्याचं दुसरं जाडजूड पुस्तक फॉरवर्डवाले उघडतच नाहीत, त्यात तो सरळ म्हणतो की जनता राजापेक्षा जास्त शहाणी आणि जास्त स्थिर असते. जनतेचा दुश्मन असं लिहितो का?

चाणक्याचं पटकन संपवतो. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरला शामाशास्त्रींच्या हाती आली १९०५मध्ये, छापली १९०९ला, तोवर आपल्याकडच्या विद्वानांनाही ती नीट माहीत नव्हती, मग १५१३ला इटलीतल्या बेकार कारकुनाला कुठून मिळणार? त्याचा माल घरचाच होता. बापाने लिव्हीच्या रोमन इतिहासाची सूची करून दिली आणि त्या बदल्यात ते पुस्तक घरात आलं, त्यावरच पुढे 'डिस्कोर्सेस' उभं आहे. चाणक्य वाचायचाच असेल तर र. पं. कंगल्यांनी मुंबई विद्यापीठासाठी काढलेली संशोधित आवृत्ती आहे, ती काढा.

आता याचा अर्थ तो संत होता असं मी म्हणत नाहीये. चेझारे बोर्जा या त्याच्याच काळातल्या सत्ताधीशाने इटलीतल्या रोमान्या प्रांतात शिस्त लावायला रेमिर्रो नावाचा क्रूर माणूस नेमला, काम झाल्यावर सगळा रोष त्याच्यावर ढकलला आणि एका सकाळी चेझेना शहराच्या चौकात त्याचे दोन तुकडे लोकांसमोर टाकून दिले. हे मॅकियाव्हेली कौतुकाने सांगतो, लोक समाधानीही झाले आणि सुन्नही, असं म्हणतो. ७वं प्रकरण. भीतीदायकच काहीतरी फॉरवर्ड करायचं असेल तर हे करा, हे निदान खरंच त्यात आहे.