‘सैन्य बाहेर पाठवावं का?’ या कच्च्या प्रश्नाबद्दल थोडं

प्रजासत्ताक दिन जवळ आला की कॉलेजच्या ग्रुपवर एक फॉर्म फिरायला लागतो. ‘भारताने जगात अधिक ठाम लष्करी भूमिका बजावावी असं तुम्हाला वाटतं का?’ हो किंवा नाही. ‘ठाम’ला नाही कोण म्हणणार? हा शब्द घातला तिथेच उत्तर ठरलं. मग ‘तरुणाईचा कौल’ म्हणून तो आकडा फळ्यावर लागतो. माझं स्पष्ट मत आहे की त्या आकड्यातून विद्यार्थ्यांविषयी काही कळत नाही. कळतं ते फॉर्म बनवणाऱ्याविषयी.

खरी अडचण ‘लष्करी भूमिका’ या शब्दांत आहे. एवढ्याशा जागेत निदान चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात.

संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमा घ्या. भारताने आजवर पन्नासच्या आसपास मोहिमांत दोन लाखांहून कितीतरी जास्त सैनिक पाठवले. कोरियात १९५३-५४ साली गेलेल्या आपल्या कस्टोडियन फोर्सचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. मायदेशी परतायला नकार देणारे युद्धकैदी सांभाळणं हे काम. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीय जवानांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू देईनात, म्हणून त्यांना जहाजावरून थेट हेलिकॉप्टरने दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. हीसुद्धा लष्करी भूमिकाच. ‘ठाम’ म्हणणाऱ्या मुलाच्या डोळ्यासमोर ही असते का? शंकाच आहे.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याच्या हाकेची. ३ नोव्हेंबर १९८८ला मालदीवमध्ये बंड झालं, अध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली, आणि त्याच रात्री आग्र्याहून निघालेले पॅराट्रूपर हुलहुले बेटाच्या धावपट्टीवर उतरले. काम चटकन आटोपलं. याच काळात आपलं सैन्य श्रीलंकेत अडकलेलं होतं. जुलै १९८७च्या करारानंतर गेलं ते तिथलं सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात मध्यस्थ म्हणून. ऑक्टोबरपासून त्या बंडखोरांपैकी एलटीटीई या संघटनेशीच लढू लागलं. आणि १९८९मध्ये तिथले नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी ‘आता निघा’ म्हटलं. शेवटची तुकडी मार्च १९९०मध्ये परतली. हजारावर जवान मारले गेले. दोन्हीकडे बोलावणं होतं. फरक हा की मालदीवमध्ये काम काय आणि ते संपलं कधी म्हणायचं, हे पहिल्या दिवशी माहीत होतं.

इथे शब्दही फसवतो. श्रीलंकेतल्या त्या फौजेला आपण शांतिसेना म्हणतो आणि संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीवाल्यांनाही शांतिसेनाच. पहिलीचा संयुक्त राष्ट्रांशी काही संबंध नव्हता. प्रश्नात नुसतं ‘शांतिसेना’ लिहिलंत तर अर्धा वर्ग एकीचा विचार करून खूण करेल, अर्धा दुसरीचा.

तिसरी, समुद्रावरची. एडनच्या आखातात २००८पासून नौदल चाचेगिरीविरोधी गस्त घालतं. आणि चौथी, जिची कुणी भूमिकेत गणनाच करत नाही: नकार. २००३मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारतीय सैन्य मागितलं. १४ जुलैला वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय नाही असं कळवलं. सैन्य न पाठवणं हाही लष्करी निर्णयच असतो. फॉर्ममध्ये त्याला रकाना नसतो.

म्हणून प्रश्न लिहिताना पाच गोष्टी त्यातच घाला: बोलावलं कुणी, हुकूम कुणाचा, खर्च कुणाचा, परत कधी, आणि मान्यता कुणाची. हुकमाचं उदाहरण बघा. निळ्या टोपीत गेलेली बटालियन मोहिमेच्या फोर्स कमांडरच्या हाताखाली काम करते, पण जवान चुकला तर शिस्तीची कारवाई आपल्याच लष्करी कायद्याने होते. खर्चाचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रं दर सैनिकामागे दरमहा ठरावीक रक्कम सरकारला देतात (२०१८मध्ये हा दर १,४२८ डॉलर झाला), आणि सदस्य देशांची वर्गणी थकली की तीही रखडते. मान्यतेबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो: सैन्य परदेशी पाठवायला संसदेचं मतदान आपल्याकडे बंधनकारक नाही, निर्णय सरकारचा.

यातल्या बोलावणं आणि मुदत या दोन गोष्टी घातल्या तरी प्रश्न असा होतो: ‘शेजारी देशाच्या निवडून आलेल्या सरकारने बंड मोडायला मदत मागितली, तर भारताने जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी सैन्य पाठवावं का?’ मग तोच प्रश्न ‘मुदत ठरलेली नाही’ असं लिहून. दोन्ही एकाच कागदावर नकोत. अर्ध्या कागदांवर पहिला, अर्ध्यांवर दुसरा, आणि गठ्ठा वाटण्याआधीच एकाआड एक लावून ठेवा, नाहीतर पुढच्या बाकांना एक आणि मागच्यांना दुसरा जातो. दोन्हीकडे दोनशे-दोनशे कागद आले आणि ‘हो’मध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर तो योगायोग नाही, मुदतीचा परिणाम आहे असं धरायला हरकत नाही. दोन-चार टक्क्यांवरून लेख पाडू नका.

माणसं निवडताना ग्रुपवर लिंक टाकणं सगळ्यात वाईट. ज्याला आधीच तावातावाने बोलायचंय तोच भरतो. हजार जणांनी भरला तरी दोष जात नाही, उलट आकडा मोठा दिसल्याने लोक विश्वास ठेवतात. कॉलेजचा हजेरीपट घ्या. २,४०० विद्यार्थी असतील आणि ४०० हवे असतील, तर एक ते सहामधली एक चिठ्ठी काढा आणि तिथून दर सहावं नाव. असे चारशे मिळाले तर चूक साधारण पाच टक्के इकडेतिकडे. शंभर असतील तर दहा. निवडलेला विद्यार्थी गैरहजर असेल तर दोनदा परत जा. शेजारचा बसवून कोटा भरला की यादी करण्याचा उपयोगच गेला, कारण तास बुडवणारे आणि नोकरी करून शिकणारे त्यातून गळतात.

एनसीसीच्या परेडनंतर, सरांसमोर, हात वर करून मत घेऊ नये हे सांगायला लागू नये, पण लागतं. नाव नसलेला कागद, बंद पेटी. सभागृहातल्या मतांची गंमत म्हणजे १९३३चा ऑक्सफर्ड युनियन या विद्यार्थ्यांच्या वादसभेचा ठराव: राजा आणि देशासाठी कोणत्याही परिस्थितीत लढणार नाही, २७५ विरुद्ध १५३ने मंजूर. पुढे दुसरं महायुद्ध आलं तेव्हा त्याच पिढीने गणवेश चढवले. त्या रात्री मत पडलं ते वाक्याला आणि वक्त्यांना.

आपल्याकडे सक्तीची भरती नाही, त्यामुळे बहुतेक विद्यार्थ्यांना ‘हो’ म्हणायला स्वतःचं काही पणाला लावावं लागत नाही. म्हणून दोन प्रश्न जोडा, पण शेवटी: घरात कुणी सेवेत आहे किंवा होतं का, आणि तुम्ही स्वतः भरतीची तयारी करता का. आधी विचारलेत तर पुढची सगळी उत्तरं त्याच सुरात येतात. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या फौजींच्या गावातून आलेल्या मुलाचं उत्तर आणि ज्याने फौजी फक्त रीलमध्ये पाहिलाय त्याचं, यांची सरसकट सरासरी काढू नका. मात्र नमुन्यात सैनिकी घरातले पंचवीसच निघाले तर त्यांचे टक्केही छापू नका, संख्या छापा.

आणि ‘सांगता येत नाही’ हा पर्याय ठेवाच. काहीजण तो काढून टाकतात, निकाल गुळमुळीत दिसतो म्हणून. तीस टक्के पोरं तिथे खूण करत असतील तर तो आकडाही छापायचा, आणि ‘हो’चे टक्के काढताना त्यांना एकूण संख्येतून वगळायचं नाही.